घाम, हातमोजे आणि गांगलेसची बर्फभिंत

लेह शहराच्या उत्तरेला, खारदुंग ला खिंडीकडे चढत जाणाऱ्या रस्त्यालगत गांगलेस नावाचे छोटे गाव आहे. हिवाळ्यात या परिसरातल्या कड्यांवरून उतरणारे पाणी जागच्या जागी गोठते आणि त्याच्या निळसर भिंती तयार होतात. त्या भिंतींवर बर्फारोहण शिकण्यासाठी मी जानेवारी २०२५ मध्ये गेले होते. मी ४६ वर्षांची असून पुण्यात शाळेत गणित शिकवते. सह्याद्रीतले प्रस्तरारोहण मी आठ वर्षांपासून करते आहे, त्यामुळे दोर, हार्नेस (कमरेला व मांड्यांना बांधायचा पट्टा) आणि बिले (खाली उभे राहून चढणाऱ्याचा दोर सांभाळणे) यांची भीती नव्हती. भीती होती ती थंडीची, कारण मला पुण्याच्या डिसेंबरमध्येही स्वेटर लागतो. तयारी करताना बर्फात रुतवायच्या कुऱ्हाडींपैकी कोणती आइस अ‍ॅक्स चांगली याविषयी पुष्कळ वाचायला मिळाले, पण उणे तापमानात सलग पाच-सहा तास उघड्यावर उभे कसे राहायचे, हे सविस्तर सांगणारे फारसे कोणी भेटले नाही. म्हणून हे लिहीत आहे.

निर्णय सप्टेंबरमध्ये झाला आणि कागदपत्रांनी ऑक्टोबर खाल्ला. प्रशिक्षण आयोजित करणाऱ्या स्थानिक मंडळींनी चार गोष्टी मागितल्या होत्या: ओळखपत्राची प्रत, आधीच्या आरोहणाच्या अनुभवाचे विवरण, धोक्याची जबाबदारी स्वतःवर घेणारे हमीपत्र आणि वैद्यकीय प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा शिक्का व नोंदणी क्रमांक दोन्ही असणे आवश्यक होते. माझ्या पहिल्या प्रतीवर केवळ सही होती, म्हणून ती परत आली आणि आठवडा गेला. डॉक्टरांनी ईसीजी, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहिले, त्याचा खर्च १,४५० रुपये झाला. विम्याचा अनुभव मात्र सर्वांनी लक्षात ठेवावा. मी घेतलेल्या प्रवास विम्यात ‘साहसी क्रीडा समाविष्ट’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते, परंतु अटींच्या अकराव्या पानावर दोर किंवा विशेष साधने वापरून केलेले आरोहण वगळलेले होते. मी ती पॉलिसी परत करून दुसरी घेतली, जिच्यात दोराच्या साहाय्याने केलेले आरोहण आणि डोंगरातून सुटका यांचा स्पष्ट उल्लेख होता. ती ३,१०० रुपयांनी महाग पडली. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत, हेही आधीच कळल्याने क्रमांक पोस्टपेड करून घेतला. या बदलाला चार दिवस लागले, तेव्हा हे काम निघायच्या आदल्या दिवसावर ठेवू नये. लडाखचे पर्यावरण शुल्क ऑनलाइन भरून त्याची पावती कागदावर छापून घेतली.

नोव्हेंबरमध्ये कपड्यांचा प्रश्न हाती घेतला. दुकानात गेले की माणसाला सगळ्यात जाड जॅकेट घ्यावेसे वाटते, आणि मीही तेच करणार होते. आमच्या गटातल्या एका अनुभवी मैत्रिणीने मला थांबवले. तिचे म्हणणे असे होते की बर्फावर चढणारा माणूस दिवसभरात दोन अगदी वेगळ्या हवामानांत राहतो: चढताना तो घामाघूम होतो आणि बिले देताना पुतळ्यासारखा उभा राहतो, त्यामुळे एकाच जाड कपड्याने दोन्ही वेळा भागत नाही. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून घामाने भिजलेला आतला कपडा हा बाहेरच्या थंडीइतकाच मोठा शत्रू असतो. सुती बनियन आणि सुती मोजे घरीच राहिले. अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ थर, त्यावर पातळ फ्लीस, त्यावर वारा व पाणी अडवणारे कवच, आणि या सगळ्यावरून सहज चढेल असे, नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठे, कृत्रिम भरणाचे जाड जॅकेट अशी माझी रचना ठरली. पिसांचे जॅकेट हलके आणि उबदार असते, पण पिसे भिजली की चिकटून बसतात व ऊब जाते. गोठलेल्या धबधब्यावरून दुपारी पाणी ठिबकते, म्हणून जाड जॅकेट कृत्रिम भरणाचे घेतले. त्याची टोपी हेल्मेटवरून ओढता येते का, हे मी दुकानात हेल्मेट नेऊन तपासले. दुकानदार हसला, पण पहिल्या दोन जॅकेटांच्या टोप्या हेल्मेटवर बसल्याच नाहीत. कपड्यांवर एकूण १९,६०० रुपये खर्च झाले, त्यांत हातमोजांचे ५,२०० होते. बूट, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दात), आइस अ‍ॅक्सची जोडी आणि हेल्मेट लेहमध्ये भाड्याने घ्यायचे ठरवले.

बुटांबाबत स्त्रियांना एक सूचना करते. भाड्याच्या कडक बुटांची मापे बहुधा पुरुषांची असतात. माझे माप ३७. मी दोन महिने आधी कळवले म्हणून ३८ ची एक जोडी राखून ठेवली गेली. आमच्यातल्या दुसऱ्या मुलीने कळवले नव्हते, तिच्या वाट्याला ४० ची जोडी आली आणि आतल्या पोकळीमुळे तिची टाच पाचही दिवस उचलत राहिली.

११ जानेवारीच्या रात्री पुण्याहून दिल्लीला पोहोचले. लेहची विमाने साधारणपणे सकाळच्या वेळात उडतात, कारण दुपारनंतर खोऱ्यात वारे वाढतात. १२ तारखेचे आमचे विमान लेहमधल्या खराब दृश्यमानतेमुळे रद्द झाले. विमान कंपनीने दुसऱ्या दिवशीचे आसन दिले, परंतु मुक्कामाची सोय केली नाही. हवामानामुळे झालेल्या रद्दीकरणात ती मिळेलच असे गृहीत धरू नये. दिल्लीतली ती रात्र २,३०० रुपयांना पडली आणि ठरलेल्या सहा दिवसांतला आरोहणाचा एक दिवस गेला. हिवाळ्यातल्या लेहसाठी जाताना आणि येताना एकेक दिवस राखीव ठेवावा, हे मला आधी सांगितले गेले होते आणि रजेच्या हिशेबात मी ते कानाआड केले होते. सामानाविषयी एवढेच सांगते: टोकदार साधने चेक-इन सामानात, पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन सामानात, आणि स्टोव्हची गॅसची डबी कशातच नाही.

१३ जानेवारीला सकाळी लेहला उतरले. सुमारे ३,५०० मीटर उंचीवर थेट विमानाने येणे शरीराला जड जाते, म्हणून पहिले दोन दिवस केवळ विश्रांतीचे होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने मी डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घेत होते. या गोळीने बोटांना मुंग्या येतात. मला ते ठाऊक नसते तर पहिल्याच रात्री बोटे गारठून बधिर होत आहेत अशी समजूत करून घेऊन मी घाबरले असते. फरक असा जाणवला की गोळीच्या मुंग्या उबदार खोलीतही येत होत्या आणि बोटांचा रंग व स्पर्श शाबूत होता.

हिवाळ्यात लेहमधली बरीचशी हॉटेले बंद असतात. आम्ही एका घरी राहिलो, जिथे नळ गोठलेले होते, गरम पाणी बादलीतून मिळत होते आणि सगळे घर एका खोलीतल्या बुखारीभोवती, म्हणजे लाकूड-कोळशाच्या शेगडीभोवती, गोळा झालेले होते. घरच्या आजींना सगळे ‘आमा-ले’ म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. झोपताना त्या बुखारी विझवून टाकत. कोळशाचा किंवा लाकडाचा धूर कोंडलेल्या खोलीत विषारी ठरतो, आणि कितीही थंडी वाजली तरी आम्ही हा नियम मोडू नये, असे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी बजावले. रात्री गरम पाण्याची बाटली स्लीपिंग बॅगेत पायांशी आणि बुटांचे आतले अस्तर पोटाशी घेऊन झोपायला मी शिकले, कारण बाहेर ठेवलेले दमट अस्तर सकाळी लाकडासारखे होते. १४ तारखेला संक्रांत होती. घरून नेलेले तिळगुळाचे लाडू आमा-लेंना दिले, तेव्हा त्यांनी एक खाऊन बाकीचे मला परत दिले आणि भिंतीवर जाताना खिशात ठेवायला सांगितले. खिसा आतला असावा, हे मात्र त्यांनी सांगितले नाही आणि मलाही सुचले नाही. दोन दिवसांनी बाहेरच्या खिशातला लाडू फोडायला मला आइस अ‍ॅक्सचा विचार करावा लागला.

१५ जानेवारीला साधने मापली. बूट घालून पायरीच्या कडेवर केवळ चवड्यांनी उभे राहायचे आणि टाच आत उचलते का ते पाहायचे. मग भिंतीवर पायाची पुढची बाजू हलकेच आपटायची आणि बोटे पुढे लागतात का ते पाहायचे. मी घरून दोन मोजे एकावर एक घालायचे ठरवून आले होते. प्रशिक्षकांनी दुसरा मोजा काढायला लावला. बोटे आत हलली नाहीत तर रक्त फिरत नाही आणि रक्त फिरले नाही तर लोकर काही करू शकत नाही. सासूबाईंनी विणून दिलेले जाड लोकरी मोजे अशा रीतीने घरात घालण्यापुरते उरले. क्रॅम्पॉन बुटाच्या तळव्याशी मिळते आहेत का, हे पट्टा न लावता बूट उचलून पाहिले. तरीही ते निसटले नाहीत, म्हणजे माप बरोबर आहे. अनामत ८,००० रुपये आणि पाच दिवसांचे भाडे ६,५०० रुपये दिले व प्रत्येक साधनाच्या आधीच्या ओरखड्यांची छायाचित्रे काढून ठेवली.

१६ जानेवारीला प्रत्यक्ष बर्फ पाहिला. घराच्या अंगणातल्या तापमापकावर सकाळी उणे १७ अंश होते. मी सगळे थर चढवून निघाले आणि गाडीरस्त्यापासून भिंतीपर्यंतच्या अर्ध्या तासाच्या चालीत घामेजले. मागून येणारे प्रशिक्षक म्हणाले, “आचे-ले, निघताना थोडी थंडी वाजायलाच हवी.” आचे म्हणजे थोरली बहीण. त्यांचे म्हणणे किती खरे होते ते मला पाऊण तासाने कळले, कारण माझ्या बिलेची पाळी आली आणि पाठीवरचा ओला थर बर्फाच्या फडक्यासारखा वाटू लागला. भिंत उन्हात नसते, हेही मी गृहीत धरले नव्हते. ती सावलीत असते म्हणूनच बर्फ टिकतो. वर चढणारी सहकारी पायरीपायरीने विचार करत होती, दोर हातात असल्यामुळे मला उड्या मारता येत नव्हत्या, आणि चाळीस मिनिटांत माझे दात वाजू लागले.

नंतर मी स्वतः चढले तेव्हा हातांचा धडा मिळाला. आइस अ‍ॅक्स डोक्याच्या वर धरून भीतीने आवळली की हातांतले रक्त उतरते आणि बोटे बधिर होतात. खाली आल्यावर रक्त परत येऊ लागले आणि बोटांत अशा कळा आल्या की डोळ्यांत पाणी आले व मळमळले. दोन मिनिटांत ते थांबले. हे बहुतेक आरोहकांना कधी ना कधी होते, आणि त्याचा अर्थ रक्त परत येत आहे असा असतो, हे आधी कळले असते तर मी हिमदंश झाल्याच्या शंकेने रडकुंडीला आले नसते.

दुसऱ्या दिवसापासून मी वेळापत्रकच बदलले. चालताना जाड जॅकेट पाठपिशवीत आणि कवचाची चेन उघडी. भिंतीशी पोहोचल्याबरोबर, थंडी वाजण्याची वाट न पाहता, आडोशाला जाऊन आतला ओला थर बदलायचा आणि जाड जॅकेट घालायचे. चढायच्या आधी शेवटच्या क्षणी ते काढायचे, खाली उतरताच पुन्हा घालायचे. हातमोजांच्या चार जोड्या झाल्या: चालण्यासाठी साधा फ्लीसचा, चढण्यासाठी पातळ पण पाणी न शिरणारा, बिलेसाठी जाड आणि तळव्याला चामडे असलेला, आणि संकटासाठी बोटे एकत्र ठेवणारा मोठा मिटन. वापरात नसलेली जोडी जॅकेटच्या आत पोटाशी ठेवायची, म्हणजे ती गरमही राहते आणि थोडी सुकतेही. हातमोजा जमिनीवर ठेवायचा नाही आणि त्याची दोरी मनगटात अडकवायची, कारण भिंतीवरून पडलेला हातमोजा परत येत नाही. मी हाताची हालचालही बदलली. अ‍ॅक्स घट्ट मुठीत न धरता करंगळीकडच्या बाजूने टेकवून धरली, प्रत्येक फटक्यानंतर एक हात खाली सोडून झटकला आणि वजन पायांवर ठेवले. टाचा खाली राहिल्या की क्रॅम्पॉनचे पुढचे दात नीट रुततात. टाच उचलली की पोटऱ्या थरथरतात आणि मग घाबरून हातच सगळे वजन घेतात. म्हणजे हात गारठण्याचे कारण अनेकदा पायांत असते.

बर्फाचाही स्वभाव असतो. सकाळच्या कडक थंडीत तो ठिसूळ असे आणि फुगवट्यावर अ‍ॅक्स मारली की ताटाएवढा तुकडा सुटून येत असे. दुपारी तोच बर्फ मऊ होऊन एका फटक्यात अ‍ॅक्स धरून ठेवी. म्हणून फुगवट्याऐवजी खळगा शोधावा. बिले देणाऱ्याने चढणाऱ्याच्या सरळ खाली कधीही उभे राहू नये आणि चढून झाले तरी हेल्मेट काढू नये. १८ तारखेला माझ्या खांद्यावर मुठीएवढा तुकडा आदळला, तोही मी एक पाऊल बाजूला असताना. दोर पाणी न शोषणाऱ्या प्रक्रियेचा होता. साधा दोर ठिबकत्या पाण्याने भिजून गोठला तर तो बिलेच्या साधनातून सरकत नाही. त्याच दिवशी मी स्वतःच्या क्रॅम्पॉनने स्वतःची नवी विजार पोटरीशी फाडली. चिकटपट्टीचे चार पदर बाटलीभोवती गुंडाळून नेले होते, त्यांनी काम भागले. पायांत अंतर ठेवून चालावे आणि पहिल्या वर्षी महाग विजार घेऊ नये.

पाण्याविषयी थोडे स्पष्ट लिहिते, कारण स्त्रिया याबाबत गप्प राहतात. हार्नेस आणि चार थर घालून लघवीला जाणे कटकटीचे असते, म्हणून आम्ही दोघी पहिल्या दिवशी पाणीच कमी प्यायलो. त्या उंचीवर, कोरड्या हवेत आणि डायमॉक्स घेत असताना हे धोकादायक आहे. दोघींची डोकी दुखू लागली. हार्नेसच्या मांड्यांभोवतीच्या पट्ट्यांना मागे जोडणारे लवचीक बंद सोडता येतात, त्यामुळे कमरेचा पट्टा न काढता काम होते. मात्र आधी भिंतीपासून दूर सपाटीवर जायचे, आणि परतल्यावर सर्व बकले सहकारीकडून तपासून घ्यायची. घरी एकदा सगळे कपडे घालून याचा सराव करावा. पाण्याच्या पिशवीची नळी अर्ध्या तासात गोठली. रुंद तोंडाची बाटली उलटी ठेवावी, कारण पाणी वरून गोठते आणि मग तोंड मोकळे राहते. थर्मासमध्ये मी गूळ घातलेला आल्याचा चहा नेत असे. चश्मेवाल्यांनी तोंडावरचे फडके नाकाखाली ठेवावे. श्वासाची वाफ वर जाऊन काचेवर अक्षरशः गोठते.

१९ तारखेला आम्हाला सुमारे २५ मीटरचा एक उभट टप्पा टॉप रोपवर, म्हणजे वरून अडकवलेल्या दोरावर, दिला. मध्यावर थांबले असताना डाव्या तर्जनीचे टोक दुखेनासे झाले. दुखणे थांबणे हे चांगले लक्षण नसते, असे सांगितलेले होते, म्हणून मी वरून हाक देऊन खाली उतरले. टोक पांढरे, मेणासारखे दिसत होते, पण दाबल्यावर मऊ होते. प्रशिक्षकांनी चोळू दिले नाही, बुखारीजवळ नेले नाही. हात जॅकेटच्या आत काखेत ठेवायला सांगितला आणि गरम चहा दिला. बारा मिनिटांनी रंग आणि कळा दोन्ही परत आले. त्या दिवशी मी पुन्हा चढले नाही. संध्याकाळी कारण सापडले: चढण्याच्या हातमोजाचे त्या बोटाचे शिवण आतून ओले होते आणि मी सकाळी तपासले नव्हते.

२० तारखेला शिवण सुकवून आणि दुसरी जोडी घालून तोच टप्पा पूर्ण चढले. वर पोहोचायला ३५ मिनिटे लागली. वरून शेताचे रिकामे वाफे दिसत होते. हिवाळ्यात वाहून जाणारे पाणी गोठवून वसंतात शेतीला देण्याचे काम लडाखमध्ये चेवांग नॉर्फेल यांनी कृत्रिम हिमनद्या बांधून केले, त्यासाठी त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्यासाठी जो बर्फ खेळाचा होता, तो खालच्या शेतकऱ्यांसाठी एप्रिलमधले पाणी आहे, याची मला तिथे दोराला लटकताना थोडी लाज वाटली.

साधने परत केली. अनामतीतून क्रॅम्पॉनच्या तुटलेल्या पट्ट्याचे ४०० रुपये कापले गेले, आणि ते योग्य होते. प्रशिक्षण व मुक्काम ३६,००० रुपये, विमान १९,८००, कपडे, भाडे, विमा आणि दिल्लीची रात्र धरून एकूण खर्च ९० हजारांच्या थोडा आत राहिला. २१ तारखेचे विमान वेळेवर सुटले.

सासूबाईंचे मोजे मी आमा-लेंना देऊन आले; त्या आठवडाभर या मोजांकडे बघत होत्या. पुण्यात आल्यावर सासूबाईंनी मोजे कुठे आहेत असे विचारले. मी सांगितले, तेव्हा त्यांनी आमा-लेंच्या पायाचे माप विचारले आणि लोकरीची पिशवी काढली.